मुलांना घेऊन बाहेर जेवताना बिल फुगतं कुठे?

सायसाखर | शनिवार, रात्री १०:५२

आत्ताच बाहेर जेवून आलोय. मुलं झोपली आणि मी बिल पुढ्यात घेऊन बसलेय. आम्ही चौघं: दोघं मोठे, थोरला सात वर्षांचा, धाकटी तीन. महिन्यातून दोनदा बाहेर जेवतो, त्याहून जास्त नाही. तरी दर वेळी बिल आलं की पोटात गोळा येतो, आणि टेबलावर बघावं तर निम्मं अन्न तसंच पडलेलं.

आज म्हटलं, फोड तरी करून बघू. एकूण १०० धरले तर आमचं दोघांचं जेवण ४१, मुलांचं १९, पेयं २२ आणि उरलेले १८ "मध्येच मागवलेलं". मध्येच म्हणजे धाकटीने भोकाड पसरलं म्हणून फ्राइज, थोरल्याला शेजारच्या टेबलावर काहीतरी दिसलं म्हणून ते, आणि शेवटी आइस्क्रीम, जे दोघांनी मिळून चार चमचे खाल्लं. पेयांचा आकडा बघून मी बेरीज पुन्हा केली. तेवढीच आली.

"बाहेर जाणं बंद करा" हा सल्ला कृपया नको. रोजचं रांधणं-वाढणं माझ्याकडे आहे, त्या दोन संध्याकाळी मला हव्यात. तुम्ही काय करता ते सांगा.

स्पष्टवक्ता | शनिवार, रात्री ११:०५

बाहेर जाणं बंद करा.

सायसाखर | शनिवार, रात्री ११:०६

आलात का.

रविवारचा_बाबा | शनिवार, रात्री ११:३८

माझी लेक पाच वर्षांची. शनिवार-रविवार माझ्याकडे असते आणि माझा स्वयंपाक तिला चालत नाही, त्यामुळे बाहेर जेवणं ठरलेलंच. ताई, मला विचाराल तर तुमचा खरा चोर तो १८ चा आकडा आहे, पेयं नव्हेत. पेयं निदान शांतपणे मागवली होती. मधलं सगळं घाबरून मागवलंय. मूल रडायला लागलं, आजूबाजूच्या चार माना वळल्या, की आपण मेन्यूकार्डवर बोट पडेल ते मागवतो. मी हे इतक्यांदा केलंय की मोजत नाही.

मग एकदा घड्याळ बघितलं. घरून निघून पोचायला अर्धा तास, टेबल मिळायला १५ मिनिटं, ऑर्डर दिल्यावर ताट यायला २५. म्हणजे तिला भूक लागली म्हणून निघालो आणि पहिला घास तोंडात गेला सत्तर मिनिटांनी. इतक्या वेळात मोठं माणूससुद्धा अंगावर येतं.

आता निघण्याआधी अर्धं केळं किंवा वाटीभर दूध देतो. भूक मारायची नाही, नुसती तिची धार बोथट करायची. आणि तिच्या रोजच्या जेवणवेळेच्या आधीच टेबलावर बसलेलो असतो, वेळ झाल्यावर निघत नाही. या एका गोष्टीने माझं मधलं मागवणं जवळजवळ बंद झालं.

गल्ल्यामागून | रविवार, सकाळी ७:१५

अकरा वर्षं हॉटेलच्या गल्ल्यामागे काढली, आता सोडलंय, म्हणून मोकळेपणी लिहितो.

पेयं आधी. जेवणाच्या पदार्थाला सामान लागतं, गॅस लागतो, आचाऱ्याचा वेळ लागतो आणि काही माल खराब होऊन फेकावा लागतो. ग्लासभर थंड पेयाला यातलं फारसं काहीच लागत नाही. त्यामुळे दर पदार्थामागे सुटणारा पैसा बघितला तर पेयं सगळ्यात पुढे. तुम्ही अजून खुर्ची सरकवताय तोवर वेटर "पिण्यासाठी काय आणू?" विचारतो ना, ते त्याला शिकवलेलं असतं. त्या क्षणी मुलं हातातलं सोडून एकदम ओरडतात आणि आपण हो म्हणतो. "आधी पाणी द्या, बाकीचं बघून सांगतो" एवढं वाक्य तोंडात तयार ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, वेटरला रोज शंभर वेळा ऐकू येतं.

दुसरं, कमी माप. कार्डावर अर्धं माप छापलेलं नसलं म्हणजे मिळत नाही असं नाही. सूप, भात, नूडल्स, रस्सा, जे डावाने किंवा वाटीने निघतं ते कमी करून देणं स्वयंपाकघराला सोपं असतं. जे नग मोजून येतं किंवा आधीच एकेकाचं बांधून ठेवलेलं असतं ते नाही जमत. पण विचारताना दोन प्रश्न विचारा: "लहान मुलासाठी कमी करून मिळेल का?" आणि लगेच "मग बिल किती लागेल?" दुसरा प्रश्न राहिला तर माप अर्धं आणि पैसे पूर्ण, असं होतं. मुद्दाम कुणी करत नाही, पण बिलाच्या मशीनमध्ये अर्ध्याचं बटणच नसतं.

तिसरं, वेळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचं ठरावीक जेवण स्वस्त असतं ते शिळं असतं म्हणून नव्हे. रिकामं टेबल काहीच कमवत नाही, आचाऱ्याचा पगार मात्र चालू असतो, म्हणून. तोच आचारी, तोच माल. शिवाय गर्दी नसली की ताट लवकर येतं, म्हणजे रविवारच्या बाबांची सत्तर मिनिटंही कमी होतात.

हळदीचा_डाग | रविवार, सकाळी ८:०२

गल्ल्यामागून यांना साष्टांग. बटणाचं माहीतच नव्हतं, मी आजवर अर्ध्या मापाचे पूर्ण पैसे भरत आलेय आणि वर थँक्यू म्हणत आलेय.

पानाफुलांचा | रविवार, सकाळी १०:२०

मुलांच्या वेगळ्या मेन्यूकार्डाबद्दल थोडं. ही सोय मुलांच्या प्रेमापोटी आली असं समजू नका. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली, हॉटेलांचं दारूचं उत्पन्न बुडालं, आणि तोवर ज्यांना जेवणघरात फारसं कुणी येऊ देत नव्हतं त्या मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून लक्ष गेलं. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियाने १९२१ मध्येच मुलांचं वेगळं कार्ड काढलं होतं. खेळण्यासकट जेवणाचा डबा देणारं मॅकडॉनल्ड्सचं हॅपी मील १९७९ चं. कुठे जायचं हे मूल ठरवतं आणि पैसे आईबाप भरतात, हे त्यांना फार लवकर कळलं.

आता मापाबद्दल. २००० साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना एकच पदार्थ लहान, मध्यम आणि मोठ्या मापात वाढला. तीन वर्षांची मुलं समोर कितीही वाढलं तरी जवळपास तेवढंच खात होती. पाच वर्षांची मात्र माप वाढेल तसं जास्त खात गेली.

म्हणून सायसाखर, तुमच्या धाकटीसाठी स्वतंत्र ताट मागवणं म्हणजे टेबल सजवणं आहे. रिकामी ताटली मागा आणि आपल्यातलं द्या. थोरल्याचं वेगळं. त्याच्यापुढे मोठं ताट आलं तर तो पोटाकडे न बघता ताटाकडे बघून खाईल, नाहीतर सुरुवात करून सोडेल. मुलांचं कार्ड त्याच्या कामाचं आहे, पण त्यात बहुतेक तळलेलं आणि पिवळट काहीतरी असतं. मोठ्यांच्या कार्डावरचं सूप आणि ब्रेड कित्येकदा त्याहून स्वस्त पडतं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा.

कूपनकुमार | रविवार, दुपारी १२:४४

कुणी कूपनांबद्दल बोललंच नाही! माझ्या फोनमध्ये सात ॲप आहेत. मागच्या महिन्यात एका जेवणावर २० टक्के वाचवले. "मुलांचं जेवण मोफत" वाले दिवससुद्धा असतात, तेही बघत चला.

हिशेबाची_वही | रविवार, दुपारी १:१०

कुमार, तुमच्याच मागच्या धाग्यात तुम्ही लिहिलं होतं की २० टक्के सूट मिळायला ठरावीक रकमेचं बिल लागत होतं म्हणून एक स्टार्टर जास्त घेतला. समजा तुमचं बिल ८० चं होतं आणि सूट १०० वर होती. २० जास्त मागवले, २० सुटले, पुन्हा ८० च भरले. वाचलं काय? पोट बिघडलं तेवढं.

मोफत जेवणाच्या दिवसांचं खरं आहे, पण बारीक अक्षरं वाचून जा. बहुतेक ठिकाणी एका पैसे भरणाऱ्या मोठ्या माणसामागे एकच मूल, मोठ्याने मुख्य पदार्थच घ्यायला हवा (सूपवर चालत नाही), वयाची मर्यादा, आणि पेय वेगळं. म्हणजे परत गल्ल्यामागून म्हणतात त्या पेयांवरच गाडी येते.

कूपनकुमार | रविवार, दुपारी १:१४

जुने धागे उकरून काढायचे नाहीत असा नियम हवा इथे.

नातवंडांची_आजी | रविवार, दुपारी ४:३०

सुट्टीत चार नातवंडं माझ्याकडे असतात, वयं चार ते अकरा. आमचा बाहेर जेवायचा ठरलेला प्रकार म्हणजे बफे. पण तिथे दारातच विचारून घ्यावं की मुलांचे पैसे कसे लावता. काही ठिकाणी वयावर असतं, काही ठिकाणी उंचीवर, आणि आमचा नऊ वर्षांचा ताडमाड वाढलाय. एकदा तो भिंतीवरच्या रेघेच्या वर गेला आणि त्याचे मोठ्या माणसाएवढे पैसे लागले. खाल्लं काय, तर भात आणि तीन वेळा जेली. त्या दिवसापासून चौघांपैकी दोघं तरी खरोखर खाणारी असतील तरच बफे, नाहीतर साधं मागवून वाटून घेतो.

माझ्या पिशवीत झाकणाचे दोन डबे असतात. युक्ती अशी की जेवण संपल्यावर डबा भरायचा नाही. ताट आलं की कुणाचा हात लागायच्या आधी मोठ्या चमच्याने अर्धं डब्यात काढायचं. उष्टं झालेलं दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही, न उष्टावलेलं खुशाल खातात. सुना आधी ओशाळायच्या, आता त्यांच्याही पिशवीत डबे आहेत.

रसायनाची_बाई | रविवार, संध्याकाळी ६:०५

आजी, डब्याची कल्पना फार आवडली, फक्त वेळेकडे लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. घरी पोचलात की लगेच फ्रिजमध्ये (५ अंश सेल्सिअसच्या खाली) आणि खाताना वाफा येईपर्यंत, म्हणजे आतपर्यंत ७० अंश तापवून. जेवणानंतर मुलांना बागेत घेऊन जाणार असाल तर डबा भरू नका.

पेयांबद्दल पैशापलीकडचा एक हिशेब. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. वरून घातलेल्या आणि रसातल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमीच यावी, असं याच संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय. लहान मुलाला दिवसाला १४०० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे १४० कॅलरी, म्हणजे ३५ ग्रॅम. एका कॅनमध्ये दिवसाचा सगळा कोटा संपला, आणि गोड पिऊन भूक मेली की मागवलेलं ताट तसंच परत जातं. सायसाखर, तुमच्या टेबलावर निम्मं अन्न का उरतं याचं उत्तर बहुधा २२ च्या आकड्यात आहे.

रविवारचा_बाबा | रविवार, संध्याकाळी ६:२०

हार मानतो. चोर दोन आहेत.

शेंगदाणा_नको | रविवार, रात्री ९:१२

धागा छान चाललाय, पण आमच्यासारख्यांची अडचण लिहावीशी वाटली. मुलाला शेंगदाण्याची आणि अंड्याची ॲलर्जी आहे. "आपल्या ताटातलं द्या", "शेजारच्याचं वाटून घ्या", "बफे" हे सगळे स्वस्त मार्ग आम्हाला बंद. बफेमध्ये तर एकाच डावाने चार पदार्थ ढवळलेले असतात.

एकदा वेटर "काही नाही हो त्यात" म्हणाला आणि आत जाऊन विचारलंच नव्हतं. ती रात्र दवाखान्यात गेली. तेव्हापासून आमचा खर्च कमी होण्याऐवजी वाढला, कारण आम्ही दोनच ठिकाणी जातो, जिथे आचारी स्वतः बाहेर येऊन बोलतो, आणि ती दोन्ही स्वस्त नाहीत.

जे जमतं ते असं: अगदी उघडल्या उघडल्या जायचं. तेव्हा तवे, कढया धुतलेल्या असतात आणि आचाऱ्याला बोलायला वेळ असतो. आदल्या दिवशी फोन करून, मुलाचा डबा घरून आणू का विचारायचं. कारण सांगितलं की आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. तो आपला डबा तिथल्या ताटलीत वाढून घेतो, वेटर त्याच्यापुढे आमच्याबरोबरच ताटली ठेवतो, आणि त्याला वेगळं वाटत नाही. पैसे किती वाचले ते मी बघत नाही, पण वाचतात.

सायसाखर | रविवार, रात्री ९:३०

शेंगदाणा_नको, हे वाचून माझी तक्रार फारच लहान वाटली. उघडल्या उघडल्या जाण्याचं तर सगळ्यांनाच लागू आहे.

पाचवा_मजला | सोमवार, सकाळी ९:४०

मला मुलं नाहीत, पण वेटरचं काम केलंय म्हणून लिहितो. शनिवारी रात्री आठ वाजता सहा जण येतात, दोन पदार्थ मागवतात, सहा रिकाम्या ताटल्या मागतात आणि दोन तास बसतात. बाहेर रांग असते. खाली सांडलेलं आम्ही गुडघ्यावर बसून पुसतो. वाटून घ्या, जरूर घ्या, पण ते गर्दीच्या वेळी करू नका. आणि खाली सांडलेलं मोठं-मोठं तरी उचलून ठेवा.

नातवंडांची_आजी | सोमवार, सकाळी १०:१५

बरोबर बोललास बाळा. आम्ही साडेसहाला जातो आणि आठच्या आत उठतो. पुसायचं फडकं माझ्या पिशवीत असतं, मोठ्या नातीला तेच काम दिलंय.

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी १०:३०

आजी, तुमच्या पिशवीवर वेगळा धागा काढा.

दाढीमिशी | सोमवार, रात्री ८:५५

तुम्ही सगळे लहान मुलांचं बोलताय. माझा चौदा वर्षांचा आहे. तो मोठ्या माणसापेक्षा जास्त खातो, त्यामुळे मुलांचं कार्ड, अर्धं माप, रिकामी ताटली, सगळं बाद. वर मी बिल तपासायला लागलो की तो मान खाली घालून फोनमध्ये तोंड खुपसतो, कारण बाबा लाज आणतात.

मग मी त्याच्या हातात रक्कमच द्यायला लागलो. टेबलावर नाही, निघताना घरी. "आजचे तुझे एवढे. उरले तर तुझे." पहिल्यांदा त्याने सगळे उडवले. दुसऱ्यांदा कार्ड खालून वर वाचलं, आकडे आधी, नावं नंतर. तिसऱ्यांदा म्हणाला, "पेय नको, दुकानात यापेक्षा स्वस्त मिळतं." मी गप्प बसलो, उगाच शाबासकी दिली असती तर बिघडलं असतं. आता मागवतानाच तो जास्त भरीचं काय ते बघतो: भात, नूडल्स, ब्रेड आहे का बरोबर, की नुसती शोभेची पानं. आणि एक कबुली: आमच्या तिघांत सगळ्यात जास्त पैसे आता माझ्यावरच जातात.

हिशेबाची_वही | सोमवार, रात्री ९:२५

दाढीमिशी, सात वर्षांच्या मुलालाही हे लहान प्रमाणात चालतं. रक्कम नाही, निवड द्यायची. "शेवटी गोड हवं की आत्ता ज्यूस?" दोन्हीपैकी एक, आणि हे गाडीतच ठरवायचं. टेबलावर ठरवायला गेलात तर दोन्ही येतं.

आणखी एक. घरी मागवणं स्वस्त पडतं असं वाटतं, पण ॲपवर त्याच पदार्थाचा भाव कित्येकदा हॉटेलातल्यापेक्षा जास्त असतो, वर पॅकिंग आणि पोचवण्याचे पैसे. जवळचं ठिकाण असेल तर फोन करून ऑर्डर द्या आणि स्वतः जाऊन आणा. पेयं घरची. मुलं झोपाळलेली असतील त्या दिवशी हेच बरं.

सायसाखर | पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:४८

धागा वर काढतेय, कारण तिघा-चौघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

या काळात तीनदा गेलो. पहिल्या बिलाला १०० धरलं तर शेवटचं ६६ आलं. आमचं ३८, मुलांचं १४, पेयं ५, मधलं ९. सगळ्यात मोठा फरक वेळेने पडला. साडेसहाला टेबलावर, निघण्याआधी दोघांना थोडं काहीतरी. धाकटी रडलीच नाही, कारण तिला आल्या आल्या आमच्या सुपातलं मिळालं. तिच्यासाठी वेगळं काही मागवलं नाही, तरी ताटलीत उरलंच.

फसलं तेही सांगते. दुसऱ्या वेळी डबा भरला आणि गाडीत विसरले, सकाळी आठवलं. रसायनाच्या बाईंना स्मरून फेकून दिला. अर्धं माप विचारलं तिथे आधी नाही म्हणाले, मग वेटर आत जाऊन आला आणि हो म्हणाला, आणि बिल पूर्णच लावलं. मी दुसरा प्रश्न विचारायला विसरले होते. आणि थोरल्याने पाणी मागताना वेटरला मोठ्या आवाजात सांगितलं, "आम्ही ज्यूस घेत नाही, आई पैसे वाचवतेय." शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या, आणि मग त्यांनीही पाणीच मागवलं.

गल्ल्यामागून | शनिवार, रात्री १०:१०

पूर्ण बिल लावलं तर तिथल्या तिथे दाखवायचं. मालक असेल तर कमी करतो, वेटरच्या हातात नसतं ते.

रविवारचा_बाबा | शनिवार, रात्री १०:१४

आणि आइस्क्रीम?

सायसाखर | शनिवार, रात्री १०:१६

ते अजून घेतो. एक, चार चमचे.